खटक्याची पारख

मनुष्य आणि यंत्र यांची गाठ जेथे पडते, ती जागा बहुधा अगदी लहान असते. सायकलच्या ब्रेकची मूठ, बाजाच्या पेटीची पट्टी, या अशाच जागा होत. संगणकावर खेळणाऱ्या आजच्या तरुणाच्या बाबतीत ती जागा म्हणजे कळफलकावरील कळ आणि तिच्याखाली दडलेला खटका. कळफलक विकत घेताना आपण त्याचे रंगीबेरंगी दिवे पाहतो. खटक्याची चौकशी मात्र क्वचितच करतो. म्हणून आज त्या खटक्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

दिल्लीलगतचे फरीदाबाद घ्या. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ च्या सुमारास येथे नवी वसाहत उभी राहू लागली आणि पुढे हे शहर कारखान्यांचे म्हणून प्रसिद्धीस आले. अशा शहरात नोकरीनिमित्त राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत मुलगा मित्रांशी संगणकावर खेळतो आहे आणि पलीकडच्या खोलीत रात्रपाळी करून आलेले वडील झोपले आहेत. त्याच कळफलकावर मुलाला अभ्यासाचे टिपण लिहावयाचे आहे, उद्या नोकरीचा अर्जही करावयाचा आहे. या घरात कळफलकाची निवड ही केवळ खेळाची बाब राहत नाही. ती घरच्यांच्या झोपेची आणि मोजक्या पैशांचीही बाब होते.

जुन्या टंकलेखन यंत्रात बोटाच्या जोरानेच अक्षर कागदावर उमटत असे. १९५५ मध्ये गोदरेजने पहिले भारतीय टंकलेखन यंत्र तयार केले, तेही याच जातीचे. तेथला खडखडाट हा कामाचाच आवाज होता. संगणकाच्या कळीला असा जोर लागत नाही. आत संपर्क झाला की पुरे. म्हणजेच तिचा आवाज आणि तिची ठेच या गोष्टी आता मुद्दाम घडवाव्या लागतात. त्या कशासाठी, तर ‘तुझा निरोप पोचला’ एवढे बोटाला कळावे म्हणून. कोणाच्या बोटाला ही खूण हवी आणि कोणाला नको, यावरच सारी निवड अवलंबून आहे.

स्वस्त कळफलकात कळीखाली रबराची लहान टोपी असते. ती बहुधा तळापर्यंत दाबावी लागते, आणि एकाच वेळी तीन-चार कळा दाबल्या तर त्यांतील एखादी नोंदलीच जात नाही, असेही घडते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र खटका असतो. जर्मनीतील चेरी या कंपनीने १९८० च्या दशकात काढलेल्या एमएक्स खटक्यांनी या क्षेत्रात रंगांची एक परिभाषाच रूढ केली, आणि इतर उत्पादकही बहुधा तीच पाळतात.

लाल खटका सरळ, विनाअडथळा खाली जातो. सुमारे ४५ ग्रॅम दाब पुरतो आणि ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरवरच संदेश जातो. चपळ खेळाला तो सोयीचा; मात्र लिहिताना चुकून कळ दाबली जाण्याचा संभव अधिक. तपकिरी खटक्यात वाटेवर एक सूक्ष्म ठेच लागते, पण टिकटिक होत नाही. निळ्या खटक्यात ठेचही आहे आणि स्पष्ट आवाजही. लिहिणाऱ्याला तो फार आवडतो; आपल्याकडील टीव्हीएस गोल्ड या कळफलकाने अनेक कचेऱ्यांत हाच आवाज पोचवला. परंतु निळ्या खटक्याची कळ पुन्हा सज्ज होण्यासाठी संदेशाच्या बिंदूहून बरीच वर यावी लागते. त्यामुळे एकच कळ भराभर दाबताना तो किंचित मागे पडतो. आणि पलीकडच्या खोलीतील झोपेचे तर विचारूच नका.

अलीकडे लोहचुंबकाचे खटके आले आहेत. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या तत्त्वावर ते चालतात. कळीतील चुंबक किती खाली आला हे संवेदक सतत मोजतो, त्यामुळे कळ किती दाबल्यावर संदेश जावा हे खेळाडूच ठरवू शकतो. येथे एक प्रश्न उभा राहतो: कौशल्य बोटाचे की यंत्राचे? परस्परविरुद्ध दिशांच्या कळांचे काम आपोआप जुळवून देणाऱ्या सोयीला ‘काउंटर-स्ट्राइक’च्या चालकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर मनाई केली, ती याच विचाराने.

तेव्हा घ्यावे कोणते? रात्री खेळणाऱ्याने आणि दाटीच्या घरात राहणाऱ्याने निळा टाळावा. निव्वळ वेगवान खेळासाठी लाल घ्यावा. खेळ आणि लेखन दोन्ही असतील, तर तपकिरी हा मध्यम मार्ग बरा. चुंबकी खटक्याचा जादा खर्च स्पर्धेत उतरणाऱ्यानेच करावा. खटके उपसून बदलता येतील असा कळफलक मिळाला तर उत्तम. एक खटका बिघडला म्हणून सारे टाकावे लागत नाही. मराठी लिहिणाऱ्यांनी देवनागरी अक्षरे कळांवर छापलेली नाहीत म्हणून अडू नये. इन्स्क्रिप्ट ही मांडणी संगणकाच्या प्रणालीतच असते, ती कोणत्याही कळफलकावर चालते.

आणि शेवटचे म्हणजे, बोटाने पाहिल्याखेरीज विकत घेऊ नये. फरीदाबादला २०१५ पासून मेट्रो आहे. तीच गाडी थेट दिल्लीच्या नेहरू प्लेस या संगणकांच्या बाजारात नेते. तेथे दुकानदाराला विनंती करून एकदोन ओळी लिहून पाहाव्यात, डोळे मिटून कळ दाबून पाहावी. दिव्यांचा झगमगाट चार दिवसांत अंगवळणी पडतो आणि दिसेनासा होतो; पण खटका मात्र रोज हजारो वेळा बोटाला भेटतो. ज्याची भेट इतकी नित्याची, त्याची पारख आधीच केलेली बरी.