‘चीट’ : एका नावाचे माहेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



ज्यांचे बालपण परकर-पोलक्यात गेले, त्यांना चीट म्हणजे काय हे सांगायला नको. फुलाफुलांचे, ठिपक्यांचे छापील सुती कापड ते चीट. आज दुकानात हे नाव क्वचितच ऐकू येते. ‘कॉटन प्रिंट’ म्हटले की काम भागते.

हिंदीत याला छींट म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत ‘चित्र’ या शब्दात आहे. चित्र म्हणजे केवळ तसबीर नव्हे. ठिपकेदार, नाना रंगांचे, असाही त्याचा अर्थ. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले चितळ आपण मुलांना दाखवतो, त्याचेही नाव याच शब्दावरून पडले. चितळ आणि चीट एकाच कुळातली!

सतराव्या शतकात व्यापाऱ्यांनी हे कापड विलायतेस नेले. इंग्रजांनी ‘चिंट’चे अनेकवचन ‘चिंट्स’ केले आणि पुढे तेच एकवचन धरले. पडद्यांसाठी ऐटीत मागितले जाणारे ‘चिंट्झ’ ते हेच.

तिकडच्या स्त्रियांना त्याची भुरळ पडली ती पक्क्या रंगामुळे. मच्छलीपट्टणकडचे रंगारी कापड हरड्याच्या पाण्यात भिजवीत, त्यावर तुरटीच्या पाण्याने नक्षी काढीत आणि मग रंगीत मुळ्यांच्या काढ्यात उकळीत. तुरटी लागली असेल तेथेच लाल रंग पक्का बसे. ही विद्या तेव्हा युरोपात नव्हती.

तिथल्या विणकरांना पोटाची धास्ती पडली. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी भर रस्त्यात बायकांच्या अंगावरची छापील वस्त्रे फाडली. १७२१ च्या कायद्याने इंग्लंडात असले सुती कापड नेसणेही गुन्हा ठरले. ती बंदी १७७४ मध्ये उठली. पोटाचा प्रश्न खरा होता. पण राग निघाला तो बाईच्या अंगावर. भगिनींनो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे यंत्रे आली आणि एकोणिसाव्या शतकात विलायती छापील कापडच आपल्या बाजारात येऊन पडले. इंग्रजीत ‘चिंट्झी’ म्हणजे हलके, भडक असा अर्थ रूढ झाला. आपल्याकडेही चीट हे गरिबाघरचे कापड ठरले. कापड स्वस्त झाले, त्यासरशी नावाचीही किंमत उतरली.

तेव्हा उन्हाळ्यात नातीसाठी सुती कापड घ्याल, तेव्हा दुकानात ‘चीट दाखवा’ असे खुशाल म्हणा. नातीने अर्थ विचारलाच, तर चितळापासून सुरुवात करा.