भयपटाचे एक वाक्य

चित्रपटाच्या धंद्यात ज्याला ‘लॉगलाइन’ किंवा नुसते ‘वनलाइन’ म्हणतात, ते उण्यापुऱ्या पंचवीस-तीस शब्दांचे वाक्य असते. आणि एखाद्या तरुण लेखकाने वर्ष-दीड वर्ष खपून सिद्ध केलेली शंभर पानांची पटकथा निर्मात्याच्या हाती जाईल, की दप्तरातच धूळ खात पडेल, याचा निकाल पुष्कळदा त्या वाक्यावरच लागतो. भय ही मुळात एकाग्र भावना असल्यामुळे भयपटाची कल्पना एका वाक्यात मावण्यास सर्वांत अनुकूल असावी. परंतु ते वाक्य सर्वांत ढिसाळपणे लिहिले जाते तेही भयपटांच्याच बाबतीत, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

‘एक कुटुंब जुन्या वाड्यात राहावयास येते आणि तेथे विचित्र, थरारक घटना घडू लागतात’ हे वाक्य पाहा. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या नसतील, तर विकली गेलेली जमीन नेमकी कोणती हे शाबीत करणे कठीण होऊन बसते. तशीच या वाक्याची अवस्था आहे. कुटुंब कोणते, त्यास वाड्यात येणे का भाग पडले, घटना कोणत्या, यांपैकी कशाचाच पत्ता नाही, आणि ‘थरारक’ या विशेषणाने थराराचे केवळ आश्वासन मिळते, त्याचे कारण मिळत नाही.

माझ्या मते भयपटाच्या वाक्याने सर्वांआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: हा माणूस तेथून पळून का जात नाही? भूत कोणते, ते कोठून आले, त्याचे पाय उलटे की सुलटे, हा तपशील मागाहून येऊ शकतो. परंतु ज्या घरातून माणूस केव्हाही निघून जाऊ शकतो, त्या घरातील भुताचे भय टिकत नाही.

राही अनिल बर्वे यांचा 2018 सालचा ‘तुंबाड’ या दृष्टीने फार मोलाचा आहे. नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा लाभलेल्या या चित्रपटात कोकणातील अखंड पाऊस आहे, मोडकळीस आलेला वाडा आहे, विहिरीच्या पोटातील तांबडे गर्भगृह आहे. तथापि, त्याचे वाक्य लिहू लागलो तर यांतील काहीच अत्यावश्यक ठरत नाही. मी ते असे लिहीन: ‘शापित देवाच्या कमरेची सोन्याची नाणी पळविण्याची युक्ती सापडलेला एक तरुण, प्रत्येक खेपेस जिवावर उदार होऊन त्याच्या गर्भगृहात उतरतो, आणि अखेरीस आपल्या कोवळ्या मुलालाही तीच विद्या शिकवितो.’ येथे नायक विनायक याला कोणी कोंडून ठेवलेले नाही. तो पुण्यास सुखाने संसार करीत आहे, आणि तरीही आपल्या पायांनी परत येतो, कारण त्याला बांधून ठेवणारी दोरी त्याच्याच लोभाची आहे; हस्तर हा देवही सोन्याच्या आणि धान्याच्या हव्यासापायीच शापित झालेला. देव आणि माणूस एकाच दोषाने ग्रासलेले असल्यामुळे चित्रपटातील भयाला जे गांभीर्य येते, त्याची सूचना या एका वाक्यातही उतरते. ‘मुलालाही’ हा शब्द काढून टाका, म्हणजे उरलेल्या वाक्यातून भय निघून जाऊन केवळ साहस शिल्लक राहील.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त हेच उत्तर परिस्थितीकडून येते: दिवस भरत आलेली गर्भवती, सावकारांपासून तोंड लपविणारा नवरा, आणि चारही बाजूंस उसाचे रान. स्पीलबर्गच्या 1975 सालच्या ‘जॉज’मध्ये तर भूत नाहीच, शार्क आहे, परंतु बेटाच्या रक्षणाचा भार ज्या पोलीस अधिकाऱ्यावर आहे, तोच पाण्याला भिणारा, आणि गावाची कमाई उन्हाळ्यातील पाहुण्यांवर अवलंबून असल्यामुळे महापौर किनारा बंद करू देत नाही. माणूस आणि संकट यांची अशी गाठ पडली, की विशेषणांची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट नियमाची. ‘अ क्वाएट प्लेस’ या चित्रपटातील प्राणी आवाजावर शिकार करतात, म्हणून त्या कुटुंबाला निःशब्द जगावे लागते, आणि घरातील स्त्री प्रसूत व्हावयाची आहे. एवढे ऐकताच श्रोता आपणहून पुढचे प्रसंग रचू लागतो. नियम स्पष्ट असला म्हणजे कल्पनेला कामाला लावता येते.

आता एक वाक्य आपण मिळून घडवू. आरंभी हाती आहे ते इतकेच: ‘धरणाखाली जाणाऱ्या गावात भूत आहे.’ येथे कोणी जावे? ज्याला जाणे भाग आहे असा मनुष्य हवा, म्हणून शेवटचे घर रिकामे करून घेण्याचा हुकूम मिळालेला तलाठी घेऊ. त्याचे नाव वाक्यात नको, त्याचा हुद्दाच त्याची ओळख सांगतो. नियम काय? त्या घरातील माणसे मोजली, की नोंदवहीपेक्षा एक माणूस प्रत्येक वेळी जास्त भरतो, आणि हिशेब जुळेपर्यंत कोणालाही उंबरठा ओलांडता येत नाही. पाणी चढत आहे, म्हणजे मुदतही ठरली. उरली ती वैयक्तिक हानी, आणि तिच्यासाठी त्याची मुलगी त्याच्यासोबत आणावी लागेल. तेव्हा वाक्य होते ते असे: ‘धरणाचे पाणी चढत असताना शेवटचे घर रिकामे करण्यास आलेल्या तलाठ्याला, नोंदीपेक्षा एक माणूस नेहमी जास्त भरणाऱ्या त्या घरातून सुटण्यासाठी, आपल्याच मुलीचे नाव खोडावे लागणार असते.’ तो ते खोडतो की नाही, हे वाक्याने सांगू नये. पेच मात्र लपवू नये. पुष्कळ लेखक रहस्य राखण्याच्या भरात पेचच गाळतात, आणि मग निर्मात्याला विचार करण्यास काही उरत नाही.

हिचकॉकच्या ‘सायको’सारखी रचना मात्र या पद्धतीला सहजासहजी वश होत नाही, कारण पैसे चोरून पळालेली जी स्त्री नायिका वाटते, तिचा मध्येच खून होतो. अशा कथेचे वाक्य लिहिताना प्रेक्षकापासून राखावयाचे गुपित निर्मात्यापाशी उघड करणेच मला प्रामाणिकपणाचे वाटते. जाहिरातीचा मजकूर निराळा, आणि हा निराळा.

आणखी एक व्यावहारिक सूचना. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली स्पष्ट केले, की कल्पना, विषय वा कथानक यांवर स्वामित्वहक्क चालत नाही. तो त्यांच्या मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर चालतो. अर्थात, आपले वाक्य कितीही बळकट असले, तरी ते ऐकणाऱ्याच्या हाती मोकळेच पडते. म्हणून वाक्य मनासारखे उतरताच त्यामागील कथासार प्रसंगांच्या तपशिलासह चार-पाच पानांत लिहून काढावे, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी करावी, आणि त्यानंतरच निर्मात्याची भेट मागावी.