ग्रीन कार्डची रांग

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, दिली जातात. त्यात अर्जदाराचा जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. शिवाय एका जन्मदेशाच्या वाट्याला जेमतेम सात टक्के. आइसलँड असो वा भारत, मर्यादा तीच! भारतीय अर्जदार मात्र खूप, म्हणून २०२५ मध्येही भारतीयांच्या ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटात २०१३ च्या सुरुवातीच्या अर्जांचाच नंबर लागत होता. पुण्या-मुंबईचे इंजिनिअरही या रांगेत आहेत. तोवर एच-१बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा वाढवून मिळतो, पण नोकरी गेली तर नवी शोधायला फार तर साठ दिवस. खरा अन्याय त्यांच्या मुलांवर होतो. अमेरिकेतच लहानाची मोठी झालेली ही मुलं साधारणपणे एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जातून वगळली जातात आणि त्यांना स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो.