‘जरा’ करंटचा हिशेब

पिठाची गिरणी असो, वेल्डिंगचं दुकान असो की लॉण्ड्री, एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘मशीन जरा करंट मारतं, पण चालतं.’ आज या ‘जरा’चाच हिशेब मांडू या.

मशीनच्या लोखंडी अंगात २३० व्होल्टचा पूर्ण दाब उतरला आहे असं समजा. हात कोरडे आणि पायात रबरी चप्पल असताना वाटेतला रोध लाखभर ओहम धरला, तर शरीरातून जेमतेम सव्वादोन मिलिअँपिअर प्रवाह जातो. नुसत्या झिणझिण्या! पण हात घामेजलेले आणि पाय ओल्या फरशीवर असले की रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग प्रवाह होतो २३० मिलिअँपिअर. दहाच्या आसपासच बोटं आखडतात, पकड सुटत नाही. पन्नास ते शंभरला हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे मशीन तेच, बिघाड तोच. वैशाखात झिणझिण्या आणि आषाढात मृत्यू.

‘फ्यूज आहे की!’ असं कुणी म्हणेल. पंधरा अँपिअरचा फ्यूज म्हणजे १५ हजार मिलिअँपिअर. तो वायर वाचवतो, माणूस नाही. एमसीबीचंही तेच. माणसासाठी हवी धड अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला क्षणार्धात वीज तोडणारी आरसीसीबी.

रोज काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटं नजर फिरवा. प्लगची जाड, अर्थिंगची पिन शाबूत आहे का? सॉकेटमध्ये उघड्या वायरी काड्यांनी खोचल्या आहेत का? वायर दारात चिरडते का? चिकटपट्टीचा जोड ओलीत पडलाय का? प्लग तापतो का? प्रत्येक दोषाला दोन प्रश्न विचारा : इथे किती वेळा हात लागतो? आणि हात ओला असताना लागला तर? आरसीसीबीचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला नाही तर ती बदलून घ्या.

झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. कुणी चिकटलाच, तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडा.

आणि मालकांनो, ‘करंट मारतं’ म्हणणाऱ्या कामगाराला कटकट्या म्हणू नका. धोक्याची पहिली वर्दी त्यानंच दिलेली असते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)