निरोपाचाही एकाधिकार
(तेर येथील बैठकीतील भाषण)



1972 ला कापूस एकाधिकार आला. गिऱ्हाईक एकच, गाडी राज्याबाहेर निघाली की अडवत. आज आपले निरोपही असेच एका कंपनीच्या दारात पडले आहेत. 1 फेब्रुवारी 2021 ला सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने किसान एकता मोर्चाचे खाते भारतात झाकले. काही तासांनी उघडले, तेही त्यांच्याच हाताने.

ई-मेलला असा मालक नाही. जीमेलवरून रेडिफला पत्र जाते. गटातल्या बोलण्यासाठी 2014 पासून मॅट्रिक्स ही तशीच खुली पद्धत आहे. आम्ही आमचा सर्व्हर ठेवावा, लातूरकरांनी त्यांचा. एक बंद पडला तरी दुसऱ्याकडे बोलणे चालू राहते. फुकट मात्र काही नाही. सर्व्हरचे भाडे आणि तो सांभाळणारा पोरगा, दोन्ही आपल्यालाच पोसावे लागतील. वर्गणीचे आज इथेच बोलू.