त्यालाच वाचू दे

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेत विषय छापलाय 'ऑडिओबुक आणि वाचनसंस्कृती'. वाचनसंस्कृतीची काळजी या मंडपात दरवर्षी वाहिली जाते, तेव्हा ती आज राहू द्या. मी एका आवाजाबद्दल बोलणार आहे.

सत्तरीनंतर माझ्या आईची नजर अधू झाली. कडेचं दिसायचं, मधलं नाही. दारात कुणी आलंय हे कळायचं, कोण ते कळायचं नाही. पुस्तक सुटलं. मग मी रोज रात्री वाचून दाखवू लागलो. आठवडाभर तिनं सहन केलं आणि म्हणाली, "वाचतोस स्पष्ट, पण शाळा तपासायला आल्यासारखा." शेवटी फोनवर एक कादंबरी लावून दिली. वाचणारे कुणी अनोळखी गृहस्थ. त्या रात्रीपासून मला सुट्टी मिळाली.

त्यांना ती 'आपला तो' म्हणायची. पुढे पुढे पुस्तक कुणाचं हे विचारणंच तिनं सोडलं. "आपल्या त्यानं अजून काय वाचलंय?" एवढाच प्रश्न. कुठल्या प्रकरणात त्याला सर्दी झाली होती, हेसुद्धा तिला ठाऊक. नातवानं एकदा वेळ वाचवायला वेग सव्वापट केला, तर म्हणाली, "कुत्रं लागलंय का त्याच्या मागं?"

आणि एका कादंबरीमालेच्या तिसऱ्या भागाला आवाज बदलला. नवा वाचक तयारीचा होता. बायकांचा आवाज वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा, दार वाजलं तर तेही वाजवून दाखवणारा. आईनं दहा मिनिटं ऐकलं. "बंद कर. हा सगळं स्वतःच करतो, मला काही ठेवतच नाही."

अभिवाचनाच्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बरीच वर्षं बसलोय. यापेक्षा नेमका शेरा मला कधी लिहिता आला नाही.

एकाच आवाजाचा हा हट्ट म्हणजे म्हातारपणाचं खूळ आहे असं मी समजत होतो. पण अशी ओढ जुनी आहे. अमेरिकेत १९३४ साली अंधांसाठी 'टॉकिंग बुक' निघालं. सावकाश फिरणारी तबकडी, एका बाजूला सुमारे पंधरा मिनिटं वाचन. म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची चळतच लागायची. मजा बघा, अशी लांब वाजणारी तबकडी डोळस लोकांच्या बाजारात रुळायला १९४८ उजाडलं. एवढ्या एका बाबतीत डोळस चौदा वर्षं मागे होते.

त्या तबकड्यांवर १९३७पासून अलेक्झांडर स्कोर्बी नावाचा नट वाचू लागला. १९८५ साली तो गेला, तोवर चारशेहून अधिक पुस्तकं त्यानं अंधांसाठी वाचली होती, अख्खं बायबलही. सिनेमा पाहणारे त्याला 'द बिग हीट'मधला गुंडांचा म्होरक्या म्हणून ओळखत. अंध श्रोत्यांपैकी कित्येकांनी तो चेहरा कधी पाहिलाच नसेल. त्यांच्या घरात तो माणूस रात्र-रात्र पुस्तक घेऊन बसलेला असे. या दोन स्कोर्बींपैकी खरा कोणता, असं मला विचाराल तर मी तबकडीवरचा म्हणेन.

आता आपल्याकडचं. पु. ल. देशपांड्यांचा 'अंतू बर्वा' छापील पुस्तकातून वाचायला घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तुमचा स्वतःचा आवाज गळून पडतो आणि पुलंचा सुरू होतो. त्यांच्या वाचनाची कॅसेट घासून चिरकी झाली तरी ती आपण फेकली नाही. तिथे लेखकच वाचतोय, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? तरी माझी एक बारीक तक्रार आहेच. ज्यांनी आधी ऐकलं आणि मग वाचलं, त्यांना आपला अंतू बर्वा कधी मिळालाच नाही. पुलं मात्र पुरेपूर मिळाले. हा सौदा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण सौदा आहे.

आईचा 'तो' असा सौदा मागत नव्हता. वाक्य ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. पूर्वी आमच्या वाड्यात चातुर्मासात पोथी लावत, तिथले वाचणारे काका असेच होते. चष्मा पुसायला थांबले की सगळा ओटा थांबायचा, पण त्यांच्याकडे कुणी बघत नसे.

त्या मालेचा तिसरा भाग शेवटी मीच छापील प्रत आणून वाचून दाखवला. शाळा तपासनीसाला बाजूला ठेवून. "बरं चाललंय," म्हणाली. पुढे म्हणाली, "पण पुढचं पुस्तक त्यालाच वाचू दे."

जाता जाता एक सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अंध वाचकांसाठी, नफा न घेता, पुस्तकाचं असं श्राव्य रूप करायला परवानगीसाठी अडून राहावं लागत नाही. अडतं ते वाचणाऱ्यांवाचून. मंडपाबाहेर पाण्याच्या पिंपाशेजारी एक वही ठेवली आहे. अंध विद्यार्थ्यांची क्रमिक पुस्तकं वाचून द्यायची आहेत. इतिहास आणि अर्थशास्त्राला माणसं कमी पडतात. गोड आवाजाची अट नाही. आठवड्याचे दोन तास देता येत असतील, तर नाव आणि फोन नंबर लिहून जा.