कॅमेऱ्याला उजेड शिकवावा लागतो



बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवला, तिथं कॅमेऱ्यावर बोलायला मिळतंय याचा मला अभिमान वाटतो. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला आणि १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला. किती उजेड आत घ्यायचा, हे ती माणसं स्वतः ठरवत. आज गुजरीतल्या सराफी पेढ्यांवर, अपार्टमेंटच्या दारांत सीसीटीव्ही लागलेत, आणि तो निर्णय आपण 'ऑटो'वर सोडून मोकळे झालोय.

हा ऑटो साधारणपणे समोरच्या चौकटीतला सरासरी उजेड मोजतो. पेढीच्या आतून दाराकडे रोखलेला कॅमेरा घ्या. दुपारी काचेबाहेर रखरखीत ऊन असतं, म्हणून तो सगळं चित्र गडद करतो. समोरच्या दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येते आणि आत येणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा मात्र काळाठिक्कर! इथं मेनूतलं डब्ल्यूडीआर चालू करायचं. त्यात कॅमेरा कमी आणि जास्त वेळाची चित्रं घेऊन ती एकत्र जुळवतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर उजेड फक्त दाराच्या चौकटीपुरता मोजायला सांगायचं. रस्ता पांढराफटक पडला तर पडू दे. आपल्याला चेहरा हवाय.

रात्री अडचण उलटी होते. अंधारात ऑटो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. ताशी ३६ किलोमीटरनं जाणारी मोटारसायकल सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात ४० सेंटिमीटर सरकते. नंबरप्लेटचा नुसता पट्टा उमटतो. शटर १/५०० केलं तर गाडी २ सेंटिमीटरच सरकते, पण उजेडही विसाव्या हिश्शावर येतो. मग गेन, म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्यातच फुगवून दाखवणं, वाढवला की चित्रभर दाणे नाचायला लागतात. ते दाणे हालचाल समजून कॅमेरा रात्रभर इशारे देत बसतो आणि हार्डडिस्कही लवकर भरते. म्हणून गेनला वरची मर्यादा घालावी आणि उजेडाची सोय दिव्यानं करावी. नंबरप्लेट आणि दारातला चेहरा ही दोन कामं एकाच कॅमेऱ्यावर टाकणं ही खोटी काटकसर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर मेनूत ६० हर्ट्झ आहे का बघा. आपली वीज ५० हर्ट्झची.

आता कोल्हापुरातल्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावी अशी गोष्ट. अंबाबाईचा किरणोत्सव आपण वर्षातून दोनदा बघतो, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि जानेवारीच्या अखेरीपासून २ फेब्रुवारीपर्यंत. मावळतीचे किरण महाद्वारातून येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. दोनदा का? कारण सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परत फिरताना त्याच कोनातून मावळतो. मे महिन्यात तो पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, नोव्हेंबरात दक्षिणेला. दोन्हींत सुमारे ३५ अंशांचा फरक. म्हणजे मे महिन्यात पश्चिमेच्या किंचित दक्षिणेकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र उत्तम दिसेल, आणि नेमकं दिवाळीच्या गर्दीच्या सुमारास संध्याकाळी ऊन थेट भिंगात शिरेल. बसवून देणारा माणूस तोवर पैसे घेऊन गेलेला असतो. त्याच्याकडून पावसाळ्यानंतरची एक फेरी आधीच ठरवून घ्या.

त्या फेरीत थेट दिसणाऱ्या चित्रावर समाधान मानू नका. सूर्य मावळताना घरातल्या कुणाला तरी टोपी घालून दारातून आत यायला सांगा, मग साठवलेलं फुटेज थांबवून चेहरा ओळखू येतो का पाहा. तीच तपासणी रात्री दुकानातले दिवे मालवून, आणि तिसऱ्यांदा समोरून गाडीचा हेडलाइट टाकून करा. तिन्ही वेळी शटर-गेनचे आकडे वेगळे ठेवावे लागले, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत दिवसाची आणि रात्रीची मांडणी वेगवेगळी ठेवता येते. ती बदलण्याची वेळ लावून घेऊनच बसवणाऱ्याला सोडा.